लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलता येते का?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात पोलाद कापण्यापूर्वी ते संगणकाच्या पडद्यावर कापले जाते. मोटारीचा दरवाजा असो, दुचाकीच्या इंजिनाचे आवरण असो किंवा एखादे साधे फिक्स्चर, त्याचा त्रिमितीय आराखडा आधी तयार होतो, तपासला जातो आणि मगच यंत्रावर जॉब चढतो. एकेकाळी हे काम केवळ मोठ्या कारखान्यांच्या वातानुकूलित दालनांत चालत असे. आता भोसरीच्या एखाद्या गाळ्यातील टूलरूमचा मालक, जॉबवर्कवर रेखन करून देणारा तरुण अभियंता आणि आकुर्डी-निगडी परिसरातील महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी हे सारे आपल्या लॅपटॉपवरच ते करतात. हा लॅपटॉप अडखळू लागला, पडद्यावरील आराखडा फिरवताना चित्र तुटू लागले, की पहिला प्रश्न मनात येतो: यातील ग्राफिक्स कार्ड बदलून अधिक शक्तिशाली बसवता येईल का?

याचे थोडक्यात उत्तर असे, की बाजारातील बहुसंख्य लॅपटॉपमध्ये ते शक्य नाही. काही मोजक्या यंत्रांत शक्य आहे. परंतु तेथेही अटी पुष्कळ आहेत. काही यंत्रांना बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडता येते. मात्र खर्च करण्यापूर्वी अडचण खरोखर ग्राफिक्सचीच आहे का, हे तपासणे अगत्याचे ठरते. ज्याच्या महिन्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग या यंत्रात गुंतणार आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

पट्ट्यातील गरज

या परिसरात संगणकीय रेखनाची परंपरा जुनी आहे. तत्कालीन टेल्को, म्हणजेच आजच्या टाटा मोटर्सची इंडिका ही मोटार १९९८ मध्ये बाजारात आली. मर्सिडीज-बेंझच्या मोटारींची जुळणी टेल्कोच्या आवारात १९९५ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये तिचा कारखाना चाकणला आला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखानाही सुरू झाला. बजाज ऑटो आणि महिंद्र यांचेही कारखाने येथे आहेत. या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या उद्योगांची साखळी भोसरीपासून तळेगावपर्यंत पसरली आहे. बडी कंपनी आपले आराखडे कॅटिया, एनएक्स किंवा क्रिओ यांसारख्या प्रणालींत पाठवते. पुरवठादाराला तेच आराखडे उघडून त्यावरून डाय, साचा किंवा गेज तयार करावे लागतात. आराखडा उघडलाच नाही, तर दरपत्रक वेळेत जात नाही आणि काम दुसऱ्याकडे जाते.

अशा वेळी अनेकांची नजर कंपन्यांनी वापरून काढलेल्या जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपकडे वळते. नव्या यंत्राच्या तुलनेत ते पुष्कळ स्वस्त मिळतात. विकणारा सहज सांगून जातो, ‘पुढे ग्राफिक्स कार्ड वाढवता येईल.’ या वाक्यात तथ्य किती, हे समजण्यासाठी लॅपटॉपच्या पोटात काय असते ते पाहावे लागेल.

ग्राफिक्स चिप असते कोठे?

पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग आणि प्रकाश ठरविण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू करतो. मेजावरच्या संगणकात तो एका स्वतंत्र कार्डावर असतो. हे कार्ड मदरबोर्डवरील लांबट खाचेत बसते. दोन स्क्रू सोडवले, की जुने कार्ड निघते आणि नवे बसते. कॅबिनेटमध्ये जागा आणि वीजपुरवठा पुरेसा असला, म्हणजे झाले. ‘ग्राफिक्स कार्ड बदलणे’ हा शब्दप्रयोग याच सवयीतून लॅपटॉपकडे आला.

लॅपटॉपमध्ये मात्र दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार अंतर्भूत ग्राफिक्सचा. सन २००० नंतरच्या दशकात तो मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे. इंटेलचे जीएमए ९५० हे त्या काळातील सर्वत्र दिसणारे उदाहरण. २०१० मध्ये इंटेलने तो मुख्य प्रोसेसरच्या आवरणात आणला आणि २०११ पासून तो प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरला जाऊ लागला. हा जीपीयू वेगळा काढता येत नाही, कारण तो वेगळा नसतोच. त्याला स्वतःची स्मृती नसते. यंत्रातील रॅमचाच एक भाग तो वापरतो.

दुसरा प्रकार स्वतंत्र ग्राफिक्सचा. एनव्हिडिया किंवा एएमडी या कंपन्यांची वेगळी चिप आणि तिच्याभोवती तिची स्वतःची स्मृती अशी ही रचना असते. ‘चार जीबी ग्राफिक्स’ अशी जाहिरात असते ती याच प्रकाराची. पण स्वतंत्र म्हणजे सुटी नव्हे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही चिप मदरबोर्डवर थेट डाखलेली असते. चिपच्या तळाशी डाख-धातूच्या शेकडो सूक्ष्म गोळ्या असतात आणि त्या वितळवून ती बोर्डाशी एकजीव केलेली असते.

डाखलेली चिप का बदलत नाही?

चिप काढण्याची यंत्रे दुरुस्तीच्या दुकानांत असतात, मग जुनी काढून नवी का बसवता येऊ नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अडचण केवळ डाखण्याची नाही. प्रत्येक चिपच्या तळाशी असलेल्या जोडण्यांची मांडणी वेगळी असते. तिला लागणारा विद्युतदाब आणि प्रवाह पुरविणारे मंडल मदरबोर्डवर तिच्यासाठीच आखलेले असते. तिच्या भोवतालची स्मृती ठरावीक जातीची असते. यंत्राचा बायोस तिला ओळखतो; दुसऱ्या चिपला ओळखेलच असे नाही. शिवाय तांब्याच्या ज्या नळ्यांतून उष्णता पंख्यापर्यंत जाते, त्या नळ्या आणि पंखा मूळ चिपच्या उष्णतेचाच हिशेब धरून बनविलेले असतात. तीस वॅट उष्णता वाहून नेणाऱ्या व्यवस्थेवर ऐंशी वॅटची चिप बसवली, तर ती चालण्याऐवजी तापून स्वतःचा वेग कमी करील किंवा यंत्र बंद पाडील.

एक आडवाट मात्र आहे. काही लॅपटॉप एकाच नावाने दोन आवृत्त्यांत विकले गेले: एकात केवळ अंतर्भूत ग्राफिक्स, तर दुसऱ्यात स्वतंत्र चिप. लेनोव्होचा थिंकपॅड टी ४३० हे त्याचे उदाहरण. अशा यंत्रात वरच्या आवृत्तीचा संपूर्ण मदरबोर्ड आणि त्यासोबतचा हीट सिंक बसवता येतो. हा ग्राफिक्सचा बदल म्हणण्यापेक्षा यंत्राचा गाभाच बदलणे होय. मदरबोर्ड, हीट सिंक आणि मजुरी यांची बेरीज केली, तर त्या रकमेत त्याच आवृत्तीचे जुने यंत्र सबंध मिळू शकते.

रिबॉलिंगचा मोह

येथे दुरुस्ती आणि वाढ यांतील फरक ध्यानात घ्यावा. ग्राफिक्स चिप बिघडल्यावर तीच किंवा तिच्याच जातीची चिप पुन्हा बसवणे ही दुरुस्ती आहे. तिच्यासाठी ‘रिबॉलिंग’ ही पद्धत वापरतात. चिप उष्णतेने सोडवायची, जुना डाख साफ करायचा, नव्या गोळ्या मांडायच्या आणि चिप पुन्हा डाखायची. या उपायाने यंत्राची शक्ती वाढत नाही. नशिबाने साथ दिली, तर पूर्वीची शक्ती परत मिळते.

ही साथ दरवेळी मिळत नाही, याचे कारण २००८ च्या एका प्रकरणात सापडते. लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिपांच्या आवरणातील कमकुवत साहित्यामुळे त्या अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात बिघडत असल्याचे एनव्हिडियाने त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर केले आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. यंत्र तापणे आणि थंड होणे या नित्याच्या चक्राने चिपच्या आतील सूक्ष्म जोडण्या तडकत होत्या. दोष चिपच्या आत असेल, तर बाहेरच्या गोळ्या बदलून तो जाणार नाही. चिपला उष्णता दिल्याने आतील तडा तात्पुरता सांधला जातो, यंत्र काही आठवडे चालते आणि पुन्हा पडदा काळा होतो. म्हणून अशा दुरुस्तीपूर्वी चिप नवी बसणार की जुनीच तापवली जाणार, हे विचारून घ्यावे आणि हमीचा काळ पावतीवर लिहून घ्यावा.

एमएक्सएम: खरा अपवाद

लॅपटॉपचे ग्राफिक्स सुटे असावे, असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २००४ मध्ये एनव्हिडियाने काही लॅपटॉप उत्पादकांच्या साहाय्याने एमएक्सएम हे मानक पुढे आणले. जीपीयू आणि त्याची स्मृती एका लहान कार्डावर, आणि हे कार्ड मदरबोर्डवरील खाचेत, अशी त्याची कल्पना होती. पुढे २००८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात ८२ बाय ७० मिलिमीटरचे लहान आणि ८२ बाय १०५ मिलिमीटरचे मोठे, असे दोन आकार ठरले.

डेलचे प्रिसिजन एम ४८०० आणि एम ६८००, एचपीचे एलिटबुक ८५७०डब्ल्यू आणि ८७७०डब्ल्यू या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये असे सुटे कार्ड होते. वाहन उद्योगातील रेखनासाठी ही यंत्रे वापरली गेली आणि जुन्या बाजारात ती अजूनही दिसतात. मात्र ‘वर्कस्टेशन’ हा शब्द म्हणजे सुट्या कार्डाची खात्री नव्हे. लेनोव्होच्या थिंकपॅड डब्ल्यू ५३० मध्ये, तो याच वर्गातला असूनही, चिप मदरबोर्डवर डाखलेली होती.

ज्यांच्याकडे खरोखर एमएक्सएमचे यंत्र आहे, त्यांनी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, कार्डाचा आकार आणि हीट सिंकवरील स्क्रूंची जागा जुळते का. दुसरी, यंत्राचा बायोस नव्या कार्डाला स्वीकारतो का. एका कंपनीच्या यंत्रासाठी काढलेले कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसते, पण चालतेच असे नाही. कधी पडदाच उजळत नाही, तर कधी प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त होत नाही. तिसरी, वीजपुरवठा. प्रिसिजन एम ४८०० सोबत १८० वॅटचा, तर एम ६८०० सोबत २४० वॅटचा अ‍ॅडॉप्टर दिला जात असे. मोठ्या कार्डाची भूक लहान अ‍ॅडॉप्टर भागवू शकत नाही. चौथी, ड्रायव्हर मिळतो का.

याखेरीज पाचवा विचार यंत्राच्या वयाचा आहे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. वर उल्लेखिलेली डेल आणि एचपीची यंत्रे त्याहून बरीच जुनी आहेत. त्यांत आज हजारो रुपयांचे कार्ड घालणे म्हणजे जुन्या घराला नवा मजला चढवण्यासारखे आहे. पाया किती टिकेल, हा प्रश्न राहतोच.

सुट्या कार्डाचे नवे प्रयोग

पातळ आणि हलक्या यंत्रांची मागणी वाढली, तसे एमएक्सएम मागे पडले. खाच आणि कार्ड यांनी जाडी वाढते, खर्च वाढतो. उत्पादकांना थेट डाखलेली चिप सोयीची वाटू लागली. तरीही मधूनमधून प्रयोग होत राहिले. डेलने २०१९ मध्ये एलियनवेअर एरिया-५१एम हा लॅपटॉप आणला. त्याचे ग्राफिक्स बदलता येण्यासारखे असल्याचा गाजावाजा झाला. कार्ड कंपनीच्या स्वतःच्या आकाराचे होते. पुढच्या पिढीची कार्डे त्या यंत्रात बसणार नाहीत, हे नंतर स्पष्ट झाले आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्याविरुद्ध ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. कार्ड सुटे असणे आणि पुढे त्या आकाराचे नवे कार्ड बाजारात मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रकरणाचा धडा.

याच्या उलट उदाहरण फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीचे. तिच्या १६ इंची लॅपटॉपच्या मागील बाजूस एक कप्पा असून त्यात ग्राफिक्सचा संच सरकवून बसवता येतो. २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या या यंत्रासोबत आधी एएमडीचा आरएक्स ७७००एस हा संच होता. त्याच यंत्रासाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चा संच कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केला. एका पिढीच्या यंत्राला पुढच्या पिढीचे ग्राफिक्स मिळण्याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु हा एका कंपनीचा मार्ग आहे. भोसरीच्या गाळ्यात आज असलेल्या लॅपटॉपला त्याचा उपयोग नाही.

बाहेरून जोडलेले कार्ड

आत जागा नसेल, तर बाहेरून कार्ड जोडावे, हा दुसरा मार्ग. लॅपटॉपच्या कडेला पूर्वी एक्सप्रेसकार्डची खाच असे. तिच्यातून मेजावरच्या संगणकाचे कार्ड जोडण्याचे संच मिळत. त्या वाटेने विदा एकाच मार्गिकेवरून जाई. मेजावरच्या संगणकात कार्डाला अशा सोळा मार्गिका मिळतात. सोळा पदरी रस्त्यावरील वाहतूक एकपदरी पुलावरून सोडावी, तसा हा प्रकार होता.

२०११ मध्ये थंडरबोल्ट ही जोडणी आली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीचा वेग सेकंदाला ४० गिगाबिट इतका झाला आणि बाह्य ग्राफिक्सला त्यात अधिकृत स्थान मिळाले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाचव्या आवृत्तीत हा वेग ८० गिगाबिटपर्यंत गेला आहे. वीजपुरवठा असलेली एक पेटी, तिच्यात मेजावरच्या संगणकाचे कार्ड आणि लॅपटॉपला जोडणारी एक केबल, एवढी ही मांडणी. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत कार्डाला चार मार्गिकांइतकीच वाट मिळत असल्याने त्याची सगळी शक्ती उतरत नाही. बाह्य कार्डालाच वेगळा मॉनिटर जोडला, तर निकाल बरा मिळतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र परत आणायचे झाल्यास तीच वाट दुहेरी वापरली जाते.

या मार्गाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. यूएसबी-सीच्या आकाराची प्रत्येक खाच थंडरबोल्टची नसते. बहुधा खाचेजवळ विजेचे बाणासारखे चिन्ह असते. तरीही यंत्राचे तपशीलपत्रक पाहूनच खात्री करावी. स्वस्त लॅपटॉपमध्ये ही सोय सहसा नसते. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आपल्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर बाह्य ग्राफिक्सला अधिकृत मान्यता दिली होती. परंतु अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅकमध्ये ते चालत नाही. पेटी आणि कार्ड यांचा खर्च जमेस धरला, तर मेजावरचा नवा संगणक परवडेल की काय, अशी स्थिती होते.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बाह्य पेटी मात्र तत्काळ बंद पडते. त्या क्षणी चालू असलेली रेखन प्रणाली कोसळून न साठवलेले काम वाया जाऊ शकते. बाह्य कार्ड वापरणाऱ्याने यूपीएस गृहीत धरलाच पाहिजे.

दोष खरोखर ग्राफिक्सचा आहे का?

संगणकीय रेखनात तीन वेगवेगळी कामे चालतात आणि ती यंत्राच्या वेगवेगळ्या भागांवर पडतात. आराखड्यातील एक माप बदलल्यावर संपूर्ण भाग नव्याने रचण्याचे गणित मुख्य प्रोसेसर करतो, आणि त्यातही बहुतांशी त्याचा एकच गाभा. ताण-दाबाचे विश्लेषण आणि सीएनसी यंत्रासाठी हत्याराचा मार्ग काढणे हीही प्रामुख्याने प्रोसेसरची आणि रॅमची कामे आहेत. शेकडो भागांची जुळणी पडद्यावर सहजपणे फिरवणे, छाया-प्रकाशासह दाखवणे, हे मात्र ग्राफिक्सचे काम.

म्हणून लक्षण नीट पाहावे. माप बदलल्यावर वाट पाहावी लागते, पण आराखडा फिरवताना अडचण येत नाही, तर ग्राफिक्स निर्दोष आहे. फाइल उघडायलाच पाच मिनिटे लागतात, तर हार्ड डिस्क किंवा रॅमकडे पाहावे. आराखडा फिरवताना चित्र झटके देते, कडा तुटक दिसतात, तेव्हाच ग्राफिक्सवर संशय घ्यावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि जीपीयू यांचे आलेख दिसतात. काम चालू असताना कोणता आलेख माथ्याला टेकतो, हे पाहिले की गुन्हेगार सापडतो. ही तपासणी फुकट आहे आणि खरेदीपूर्वी ती करणे सर्वांत फायद्याचे.

अल्प खर्चाचे उपाय

पहिला उपाय शून्य खर्चाचा. २०१० पासून अनेक लॅपटॉपमध्ये अंतर्भूत आणि स्वतंत्र असे दोन्ही जीपीयू असतात आणि बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र त्यांत अदलाबदल करते. कित्येकदा रेखन प्रणाली दुबळ्या अंतर्भूत जीपीयूवर चालत राहते आणि विकत घेतलेली शक्तिशाली चिप निवांत बसते. विंडोजच्या डिस्प्ले विभागातील ग्राफिक्सच्या पर्यायात जाऊन संबंधित प्रणालीसाठी उच्च कार्यक्षमता निवडावी.

दुसरा उपाय ड्रायव्हरचा. कॅटिया, सॉलिडवर्क्स यांसारख्या प्रणालींचे उत्पादक कोणत्या कार्डावर आणि कोणत्या ड्रायव्हरवर आपली प्रणाली तपासली आहे, याची यादी प्रसिद्ध करतात. सर्वांत नवा ड्रायव्हर हा प्रत्येक वेळी सर्वांत योग्य असतोच असे नाही.

तिसरा उपाय रॅमचा. अंतर्भूत ग्राफिक्स यंत्राचीच रॅम वापरत असल्याने रॅमचा वेग हाच त्याचा वेग ठरतो. डीडीआर ४-३२०० जातीची एकच पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट विदा देते. दोन पट्ट्या जोडीने ५१.२ गिगाबाइट देतात. इंटेलच्या २०२० मधील अकराव्या पिढीच्या अनेक प्रोसेसरांत तर जोडीने रॅम असेल तरच ‘आयरिस एक्सई’ हे नाव दिसते; एकच पट्टी असेल, तर साधे ‘यूएचडी’ असे दिसते. ज्या यंत्रात रॅमची एक खाच रिकामी आहे, तेथे दुसरी पट्टी बसवणे हीच ग्राफिक्सची खरी आणि स्वस्त वाढ होय. मात्र अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आता रॅमही डाखलेली असते, हे खरेदीपूर्वी पाहावे.

चौथा उपाय सफाईचा, आणि या पट्ट्यात तो विशेष महत्त्वाचा. कार्यशाळेतील ग्राइंडिंगची धूळ आणि कूलंटचे तेलकट तुषार लॅपटॉपच्या पंख्यातून आत जातात आणि हीट सिंकच्या पापुद्र्यांवर त्यांचा थर बसतो. वर्षानुवर्षे चिपवरची थर्मल पेस्टही सुकते. तापलेला जीपीयू स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मालकाला वाटते, कार्ड जुने झाले. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत माहीतगार कारागिराकडून पंखा स्वच्छ करून घ्यावा आणि नवी पेस्ट लावून घ्यावी. यंत्र उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवली जाते की नाही, याकडे लक्ष असावे. ग्राइंडरशेजारी लॅपटॉप ठेवण्याची सवय सोडणे हा त्यापुढचा उपाय.

पाचवा उपाय प्रणालीतच असतो. मोठी जुळणी उघडताना सर्व भाग पूर्ण तपशिलासह न उघडता हलक्या स्वरूपात उघडण्याची सोय बहुतेक रेखन प्रणालींत असते. छाया, प्रतिबिंबे आणि कडांची गुळगुळीतता कमी केली, तरी मापांत काही फरक पडत नाही.

नवे यंत्र घेताना

एवढे करूनही भागले नाही, तर यंत्र बदलण्याची वेळ आली, असे समजावे. लॅपटॉपचे ग्राफिक्स पुढे वाढवता येणार नाही, हे गृहीत धरून आज जेवढे लागते त्याहून थोडे अधिक आजच घ्यावे. रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येत असतील, तर त्यांत तूर्त काटकसर चालेल. ग्राफिक्समध्ये केलेली काटकसर मात्र पुढे भरून काढता येणार नाही.

केवळ नाव पाहून फसू नये. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादांवर चालवली जाते. एकाच नावाच्या दोन यंत्रांत त्यामुळे कामाचा मोठा फरक पडतो. तसेच ‘आरटीएक्स ४०९०’ हे नाव लॅपटॉप आणि मेजावरचा संगणक या दोहोंत असले, तरी लॅपटॉपमधील चिप वेगळी आणि लहान आहे. स्मृतीही २४ ऐवजी १६ जीबी आहे. जीपीयूची वॅटमधील मर्यादा तपशीलपत्रकात पाहावी, ती नसेल तर विक्रेत्याला विचारावी. स्मृतीचा आकडा मोठा म्हणजे चिप मोठी, हाही एक गैरसमज आहे.

ज्यांचे काम मुख्यतः एकाच जागी चालते, त्यांनी लॅपटॉपचा आग्रह कशासाठी, हेही तपासावे. मेजावरच्या संगणकात त्याच पैशात अधिक शक्ती मिळते, तो धुळीतून साफ करणे सोपे असते आणि त्याचे ग्राफिक्स कार्ड खरोखरच बदलता येते. चाकणच्या ग्राहकाकडे आराखडा दाखवायला नेण्यासाठी साधा लॅपटॉपही पुरतो.

हमी, हक्क आणि कचरा

हमीच्या काळात यंत्र उघडण्यापूर्वी हमीपत्रातील अटी वाचाव्यात. कोणते भाग ग्राहकाने स्वतः बदलले तर चालतात, हे कंपनीगणिक बदलते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची उपलब्धता ग्राहकांपुढे ठेवावी, असा त्याचा हेतू आहे. सदोष वस्तू किंवा सेवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. त्यासाठी खरेदीची आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवणे आवश्यक आहे. जुने वर्कस्टेशन तोंडी आश्वासनावर घेणाऱ्याच्या हाती नेमके हेच नसते.

निकामी मदरबोर्ड आणि बॅटरी भंगारात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मदरबोर्डचे पुनर्चक्रण नोंदणीकृत केंद्रांतच व्हावयास हवे. भोसरी-चाकणच्या भंगार बाजारात तांब्यासाठी जाळलेल्या बोर्डाचा धूर शेवटी त्याच वस्तीतील माणसांच्या छातीत जातो.

सारांश एवढाच, की ‘ग्राफिक्स कार्ड पुढे वाढवता येईल’ या वाक्याला लॅपटॉपच्या बाबतीत किंमत देऊ नये; किमान त्या यंत्राचा नेमका क्रमांक, कार्डाचा प्रकार आणि बसणाऱ्या कार्डांची नावे विक्रेत्याने लेखी दिल्याखेरीज तर मुळीच नाही. प्रथम टास्क मॅनेजरचा आलेख पाहावा, मग ग्राफिक्सचा पर्याय, मग पंखा, मग रॅम. आणि पाकिटात हात सर्वांत शेवटी घालावा.